गार्ड बसवून मिळेल

कोपरखैरणे, सेक्टर आठ, झेरॉक्सच्या शेजारी
पाच बाय सातचं माझं दुकान.
दिवसाला तीसेक मोबाइल झाकतो:
आधी ओलं फडकं, मग कोरडं,
मग श्वास रोखून या कडेपासून त्या कडेपर्यंत.
बुडबुडा राहिला तर
बंद पडलेल्या खात्याच्या कार्डाने हाकलत नेतो.

इरावती घरत आली ती गिटार घेऊन.
खोळ उघडली, काउंटरवर आडवी ठेवली,
म्हणाली, ह्याला गार्ड बसेल?

मी मॉडेल विचारलं. सवयीने.

तिने तारांखाली बोट ठेवलं.
तिथे नखांचे चंद्र, सात की आठ,
एकात एक अडकलेले,
गुळाची ढेप कुणी कुरतडावी तसे.
स्पेनमधले लोक वाजवता वाजवता ठोकतात, म्हणाली,
त्यांच्या गिटारींना मुळातच एक पापुद्रा असतो.
ही तसली नाही. ही शहाण्या घरातली.
मग ठोकू नकोस.
बोट ऐकत नाही, काका.

अनामिका होती ती.
जिला नाव ठेवायचं राहून गेलं
तिनेच सगळीकडे सही करून ठेवलेली.

वाजवून दाखवलं तिने थोडं.
स्पेन म्हणे. असेल.
मला ऐकू आली गावठाणातली हळद,
तिच्या मामाची बेंजो पार्टी,
आणि पोलीस येऊन स्पीकर बंद करून गेल्यावर
प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर
कुणीतरी चालूच ठेवलेला ठेका.

रोल काढला, चौकोन कापला,
मागचा कागद अर्धा सोलला,
वाकलो, आणि नाकात
लाख. स्पिरिट.
भिकाजी मेस्त्री, माझे वडील,
जुन्या धोतराच्या चिंधीत कापसाचा बोळा बांधून
शिसवी कपाटावर गोल गोल फिरवायचे दुपारभर.
म्हणायचे, लाखेला दोघांपासून जप.
दारू विरघळवते.
गोंद धरतो, पण जाताना सोबत घेऊन जातो.
पहिलीपासून ते स्वतः काही वाचले नाहीत.

कागद परत चिकटवला.
तिला सांगितलं, हे बसेल छान,
पण काढशील तेव्हा कातडं सोलून निघेल.

खालच्या खणात होती
गोंद नसलेली फिल्म,
गाडीच्या काचेवर लावतात ती,
नुसत्या ओढीवर धरून राहणारी.
आंब्याच्या फोडीएवढी कापली,
कोपरे गोल केले, टोकेरी कोपरा आधी उचकटतो.
पाणी मारलं नाही. पाण्याने लाख पांढरी पडते.
कोरडीच टेकवली, चंद्रांच्या वर.
एक बुडबुडा राहिला.
कार्ड हातात घेतलं, आणि ठेवून दिलं.
लाकडावर रेटायची माझी हिंमत झाली नाही.

वाजवून झालं की रोज काढायची, म्हटलं,
झोपताना कानातले काढतेस तशी.

तिने ठोकून पाहिलं.
आवाज थोडा बसलाय, म्हणाली,
सर्दी झाल्यासारखा.
परत ठोकलं. परत.
इतक्या वर्षांत एका मोबाइलला मी विचारलं नाही
की झाकल्यावर तुला कसं वाटतंय.

दरपत्रकात गिटार नव्हती. साठ घेतले.

ती गेल्यावर शटर अर्धं ओढलं, स्टुलावर टेकलो.
स्टूल वडिलांनी केलेलं, जांभ्या फणसाचं,
हे सांगावं लागतं, कारण दिसत नाही.
दुकान घेतलं त्या वर्षी
मीच त्यावर सनमायका मारला,
फेविकॉल थापून, वर विटा ठेवून, रात्रभर.

एका कडेला उचकटलाय थोडा.
नख घातलं.
मग काढून घेतलं.